पावतीचं कूळ

पावणे म्हणजे पोचणे. देव पावतो, तसा पैसाही पावतो, आणि तो पोचल्याची खूण ती पावती. सावकार, देवस्थान, गणपती मंडळ असं करत ती युनियनच्या हाती आली. १९२६च्या कायद्याने संघटना नोंदवायची सोय झाली, मग सभासद दाखवायला पावतीपुस्तक आलंच.

तिकडे अमेरिकेत याच पावतीवरून भांडण. 'राइट टू वर्क' म्हणजे काम मिळण्याचा हक्क असं आपल्याला वाटतं. रोजगार हमीच्या महाराष्ट्राला तर वाटणारच. प्रत्यक्षात तो वर्गणी न भरता नोकरी राखण्याचा हक्क. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना तशी मुभा दिली. पगारवाढ सगळ्यांना आणि वर्गणी मोजक्यांची, ही युनियनची तक्रार मात्र मला रास्त वाटते.

पण निपाणीच्या विडी वळणारीपुढे प्रश्न वर्गणीच्याही आधीचा. पानं, तंबाखू कंत्राटदार देतो, ती घरी बसून कात्रीने पान कापते, वळते, दोरा बांधते, मजुरी हजारावर. छाप कारखान्याची, पण कारखान्याच्या लेखी ती कुणीच नाही. १९६६च्या कायद्याने घरी बसून काम करणारीलाही कामगार म्हटलं. मालक कोर्टात गेले. १९७४ साली मंगलोर गणेश बीडी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. तरी कागदावरून तिच्या उंबऱ्यापर्यंत यायला संघटनाच लागली.

निपाणीच्याच तंबाखूच्या वखारीतल्या बायका १९८०च्या सुमारास उठल्या. त्यांच्यासोबत देवचंद कॉलेजचे प्रा. सुभाष जोशी होते. 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली या बायकांवर 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. गंमत अशी, की कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात, वखारी कर्नाटकात. तीस टक्के सभासद असले की युनियनला मान्यता, हा महाराष्ट्राचा १९७१चा कायदा अर्जुननगरपाशी थांबला, कारण निपाणी १९५६लाच म्हैसूर राज्यात गेलेली. टक्का मोजून मान्यता देणारा तसा कायदा तेव्हा निपाणीत नव्हता. मालकापुढे दाखवायला रस्त्यावरची गर्दी आणि पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती.

कार्बन सरकला की नाव अर्धंच उमटतं, म्हणून बाई पावती उलटून उजेडात बघते. १९२६च्याच कायद्यात २००१ साली ग्रामीण कामगाराची किमान वर्गणी ठरली वर्षाला १ रुपया. तेवढ्यात पावतीपुस्तकाची छपाईसुद्धा निघत नाही.