गुण, गुणवत्ता आणि योगायोग

१/ इ. स. १८९९. केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ‘सीनियर रँग्लर’, म्हणजे प्रथम क्रमांकाचे मानकरी ठरले. हा मान जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून मिळाला होता. ‘रँग्लर’ हे बिरुद परांजप्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले. परंतु अशा क्रमांकावर विसंबावे तरी किती?

२/ याच परीक्षेचे गुण फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ मध्ये अभ्यासले होते. एकूण गुण १७,०००. एका यादीतील सीनियर रँग्लरला ७,५००हून अधिक, तर ऑनर्स यादीतील शेवटच्या विद्यार्थ्याला ३००हूनही कमी. ही तफावत उपजत बुद्धीची, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गुण म्हणजेच गुणवत्ता, हे त्यांनी गृहीतच धरले.

३/ त्या गृहीतकालाच फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ व १८९० च्या निबंधांत हात घातला. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याचे स्थान पुनःपुन्हा मोजतात आणि दर वेळी किंचित निराळे उत्तर येते. परीक्षकाने दिलेला गुण हेही असेच एक मोजमाप नव्हे काय? मग त्रुटींचा तोच नियम इथेही लागू व्हावा.

४/ एजवर्थ यांनी लॅटिन गद्यलेखनाची एकच उत्तरपत्रिका २८ जाणकार परीक्षकांकडून तपासून घेतली. गुण आले ४५ पासून १०० पर्यंत! गणितात उत्तर निश्चित असते; तरी अर्धवट सोडवलेल्या उदाहरणाला किती गुण द्यावेत आणि प्रश्न कोणते निघावेत, यांत योगायोग उरतोच.

५/ अर्थ असा, की पहिला आणि शेवटचा यांची अदलाबदल सहसा होत नाही. उत्तीर्णतेच्या रेषेलगतचे विद्यार्थी मात्र परीक्षक बदलताच अलीकडचे पलीकडे होऊ शकतात. नोकरी वा शिष्यवृत्ती त्याच रेषेवर ठरत असे.

६/ १९६० मध्ये डेन्मार्कचे गेओर्ग राश यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या प्रतिमानात विद्यार्थ्याची क्षमता व प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मापपट्टीवर येतात. दोहोंतील अंतरावरून अचूक उत्तराची संभाव्यता ठरते. त्यामुळे निरनिराळ्या प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्यांचीही तुलना शक्य झाली.

७/ केंब्रिजने १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवारी जाहीर करणे थांबवले. क्रमांकाच्या शर्यतीमुळे खऱ्या गणिताची हानी होते, हा त्यामागील प्रमुख आक्षेप. एजवर्थ यांचा प्रश्न मात्र आजही प्रत्येक गुणवत्ता यादीला लागू आहे: एका गुणाचा फरक हा विद्यार्थ्यांतील फरक, की मोजमापातला?