गेलेल्यांच्या नावाने: मृतसंवादाच्या दाव्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

ज्याच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे त्याला कोणी म्हणाले, ‘ते इथेच आहेत, तुमच्याशी बोलायचे म्हणतात’, तर तो पुरावा मागत बसत नाही. तो खुर्ची पुढे ओढतो. यात भोळेपणा शोधू नये. अर्धवट राहिलेले बोलणे, शेवटच्या घटकेला जवळ नसल्याची बोच, वाटणीवरून झालेला आणि मिटायचा राहून गेलेला वाद, हे सगळे त्याला त्या खुर्चीपर्यंत घेऊन आलेले असते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मी आधी एवढेच मागेन की शोकाला हसू नये. दुसरी अट याहून कठीण आहे. मृताच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द तपासायचा, कारण ‘मी असे म्हणालो नाही’ हा खुलासा करायला तो आता येऊ शकत नाही. त्याच्या वतीने ते काम जिवंत माणसांनाच करावे लागते.

मृत्यूनंतर काही उरते की नाही, हा प्रश्न इथे सोडवायचा नाही. तत्त्वज्ञान आणि धर्म त्यावर बोलत आले आहेत, बोलत राहतील. आपला प्रश्न लहान आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर मिळू शकते: अमुक माणसाने अमुक वेळी मृताचा म्हणून जो निरोप सांगितला, त्यातली माहिती आली कुठून?

हा प्रश्न सायलीत बसून विचारला की फार ठोस होतो. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाला लागून असलेले हे गाव. एकीकडे वारली-कोकणा पाडे, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आणि तिच्यामागे देशभरातून आलेले कामगार. 19 जानेवारी 2019 रोजी इथेच वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली. पाड्यावर कुणी आजारी पडले किंवा अवचित गेले तर आजही भगताला बोलावले जाते. तो तांदळाचे दाणे पाहतो, कोणाचे वारे लागले ते सांगतो. त्याच पाड्यावरच्या घरात दूरचित्रवाणी संच असतो आणि त्यावर मराठी, गुजराती, हिंदी वाहिन्या चालतात. वैद्यकीय महाविद्यालय, भगत आणि वाहिनी ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या आवाक्यात असण्याची अशी ठिकाणे अभ्यासकाला सहज मिळत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने तर सायली विलक्षण जागी आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्काराच्या जोरावर पैसे मिळवणे आणि अशा चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे हा त्याखाली गुन्हा आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच कायद्याचा आधार घेऊन, दैवी शक्तीचा दावा करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती वाहिन्यांवर दाखवणे बेकायदा ठरवले. आता नकाशा पाहा. दादरा-नगर हवेलीवर अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचाच चालतो, पण ज्या कायद्यावर हा निकाल उभा आहे त्याची हद्द महाराष्ट्राच्या सीमेवर संपते. शेजारच्या गुजरातने 2024 मध्ये स्वतःचा कायदा केला, तोही गुजरातपुरता. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम मात्र या सीमा पाळत नाही. सायलीच्या प्रेक्षकाला आधार उरतो तो फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांचा आणि 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांचा. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. नियम चांगला आहे. तो किती पाळला जातो, हे कुठलीही वाहिनी सकाळी तासभर लावून कोणालाही पाहता येईल.

मृतांशी बोलण्याच्या दाव्याचा आधुनिक इतिहास 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स बहिणींच्या घरातल्या ‘टकटक’ आवाजांपासून सांगतात. चाळीस वर्षांनी, 1888 मध्ये, त्यांतल्या मार्गारेटने भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून तो आवाज कसा काढत होतो ते दाखवले. पुढे तिने हा कबुलीजबाब मागे घेतला, पण आवाज कसा निघतो ते लोकांनी पाहिले होते. मराठी वाचकाला याहून जवळचा धागा मुंबईत सापडतो. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईला उतरले. सोसायटीचा कारभार अड्यारला हलेपर्यंत ‘महात्म्यां’च्या अद्भुत पत्रांची चर्चा इथे चालू होती. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीसाठी भारतात पाठवले आणि 1885 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यात ब्लाव्हात्स्कींवर लबाडीचा ठपका होता. सुमारे शंभर वर्षांनी, 1986 मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्या अहवालातल्या हस्ताक्षर-परीक्षेवर कठोर टीका छापून आली. या शाखेबद्दल मला आदर वाटतो तो अशा गोष्टींमुळे. इथे तपासणाऱ्याचीही तपासणी होते.

विसाव्या शतकात ही लाट मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरली. व्ही. डी. ऋषी यांनी पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येला वाहून घेतले आणि मुंबईतून तिचा प्रसार केला. प्लँचेट घराघरांत पोहोचले. पाटावर अक्षरांचा कागद, त्यावर पालथी वाटी, वाटीवर तीन-चार जणांची बोटे. वाटी सरकते आणि कुणीही मुद्दाम ढकललेली नसते, हे दोन्ही खरे. 1853 मध्ये मायकेल फॅरडेने टेबल हलवण्याच्या प्रयोगात याचा उलगडा केला. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबल आपोआप हलत असते तर खालचा थर आधी सरकला असता. सरकले होते वरचे थर, हाताला लागून असलेले. बसलेली माणसे प्रामाणिक होती आणि टेबल तीच हलवत होती. दावा करणारा प्रत्येक जण लबाड असतो, हा समज नव्या अभ्यासकाने इथेच सोडून द्यावा.

जादूगार हॅरी हुडिनीचे प्रकरण याच कारणासाठी वाचावे. त्याची आई 1913 मध्ये गेली आणि तो त्या दुःखातून कधी सावरला नाही. 1922 मध्ये अटलांटिक सिटीत आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने त्याच्या आईचा संदेश म्हणून पानेच्या पाने लिहून काढली. पहिल्या पानाच्या माथ्यावर क्रूस होता आणि मजकूर इंग्रजीत. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी, तिला इंग्रजी धड येत नव्हते. लेडी डॉयल फसवत होत्या असे मानायला आधार नाही. त्यांनी एका आईच्या मनात जे असावेसे वाटले ते लिहिले. पण ती हुडिनीची आई नव्हती. वारली बोलण्यात आयुष्य गेलेली आजी वाहिनीवरच्या माणसाच्या तोंडून शुद्ध हिंदीत नातवाला आशीर्वाद देते, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

आता प्रत्यक्ष संवाद कसा घडतो ते जवळून पाहू. पुढचा नमुना मी अभ्यासासाठी रचला आहे, पण असे कार्यक्रम पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

‘मला स किंवा श ऐकू येतोय. सु… शा…’ सभागृहात शांता, सुरेश, सखाराम, शालिनी, सुमन यांपैकी कुणीतरी गमावलेला माणूस असणारच. एक बाई हात वर करते: ‘माझे सासरे, शंकरराव.’ नाव तिने दिले. ‘छातीकडे काहीतरी जाणवतंय.’ हृदय, फुप्फुस, दमा, न्यूमोनिया, सगळे छातीतच येते, आणि कशानेही माणूस गेला तरी शेवटी श्वास थांबतोच. ‘हो, त्यांना अटॅक आला होता.’ कारणही तिनेच दिले. ‘त्यांची एक वस्तू तुम्ही अजून जपून ठेवलीय.’ घड्याळ, चष्मा, काठी, काहीतरी ठेवलेले नसते असे घर दाखवा. बाईच्या डोळ्यांत पाणी येते: ‘त्यांचं घड्याळ!’ ‘ते म्हणतात, मला सगळं कळतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’ रात्री घरी जाऊन ती सांगते की त्याने सासऱ्यांचे नाव, झटका आणि घड्याळ, सगळे बरोब्बर ओळखले. मुद्रित संवाद पाहिला तर तिन्ही शब्द तिच्याच तोंडून आधी आलेले आहेत.

यालाच कोल्ड रीडिंग म्हणतात. मोघम बोलणे प्रत्येकाला आपलेच वाटते, यावर ते चालते. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुझे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते यासाठी त्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सर्वांना एकच होते. दूरचित्रवाणीने यात भर घातली ती कात्रीची. 2000 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘क्रॉसिंग ओव्हर’सारख्या कार्यक्रमाचे चित्रीकरण लांब चाले आणि प्रेक्षकापर्यंत अर्धा तास पोहोचे. गाळलेल्या भागात कोण उभे राहिले नाही, कोणते अक्षर कुणाचेच निघाले नाही, हे घरी बसलेल्याला कळण्याची सोय नसते. संपादित कार्यक्रमावरून कोणाच्याही शक्तीबद्दल काहीही ठरवता येत नाही, हा या शाखेचा जवळजवळ पहिला नियम मानावा.

दुसरी रीत म्हणजे आधीच माहिती काढून ठेवणे. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी पीटर पोपॉफ या दूरचित्रवाणीवरच्या उपचारकाच्या कानातला रेडिओसंदेश पकडला. भक्तांचे आजार आणि पत्ते ‘देवा’कडून येत होते ते प्रत्यक्षात त्याच्या पत्नीच्या आवाजात. आता तेवढीही गरज राहिलेली नाही. 2017 मध्ये असे दावे तपासणाऱ्या सुसान गर्बिक यांच्या गटाने खोटी फेसबुक खाती तयार केली आणि त्याच नावांनी ते मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या एका नामांकित माध्यमाच्या कार्यक्रमाला गेले. कधी जन्मालाच न आलेल्या नातलगांचे निरोप त्यांना मिळाले. 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने ही हकीकत छापली. आपल्याकडे तर चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स पुरे. फोटो, पूर्ण नाव, तिथी, दशक्रिया विधीचे ठिकाण आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून मुले, सुना, जावई, नातवंडे यांची उतरंड. वंशावळच रस्त्यावर टांगलेली असते.

भारतीय वाहिन्यांवर अलौकिक शक्तीच्या दाव्यांनी बरीच वेगवेगळी रूपे घेतली. डिसेंबर 2009 मध्ये ‘राज पिछले जनम का’ने पूर्वजन्म दाखवले. त्याआधी मार्च 2008 मध्ये एका तांत्रिकाने मंत्राने मारून दाखवतो म्हटल्यावर विवेकवादी सनल एडामारुकू थेट प्रक्षेपणात त्याच्यासमोर बसले. तास उलटले, मंत्र संपले, एडामारुकू हसत उठले. त्या प्रसंगाचे मोल मी कमी लेखत नाही, लोकांची भीती त्याने नक्की कमी केली. तरीही तो तमाशा होता. चाचणी कशी असते ते त्याच वर्षी पुण्यात दिसले. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. त्यांतल्या 40-40 पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांची उत्तरे आली आणि अचूकता निघाली 46 टक्के, म्हणजे नाणे उडवून जे साधते त्याच्या आसपास. इथे ओरडा नव्हता, कुणाचा अपमान नव्हता. प्रश्न आधी ठरला होता, उत्तराची तपासणी कशी करायची तेही आधी ठरले होते, आणि निकाल ‘करंट सायन्स’मध्ये जगासमोर मांडला गेला. मृतसंवादाच्या दाव्याची अशी चाचणी मराठी मुलखात व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

भगताबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. शहरी लेखक त्याला वाहिनीवरच्या बाबाच्या पंक्तीत बसवून मोकळे होतात. भगत पाड्यातच राहतो, त्याला झाडपाला कळतो, त्याचे चुकले तर उद्या सकाळी त्याच माणसांना तोंड द्यावे लागते. वाहिनीवरच्या माणसाला हे बंधन नाही. मात्र मृत्यूला कारण कोण, हा प्रश्न दाण्यांना विचारला की कधी कधी उत्तरात एखाद्या जिवंत बाईचे नाव येते. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांचा छळ झाला आहे, त्यांचे जीव गेले आहेत. तिथे समजूतदारपणाची भाषा थांबते आणि पोलीस ठाणे गाठावेच लागते.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. असा कुठलाही कार्यक्रम लावावा, कागदावर दोन रकाने आखावेत. सांगणाऱ्याने स्वतःहून दिलेली माहिती एका रकान्यात आणि समोरच्या शोकाकुल माणसाने पुरवलेली दुसऱ्यात लिहावी. चुकलेले अंदाजही लिहावेत, ते विसरायला फार सोपे असतात. जमल्यास शेजारी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बसवावे आणि त्यांना वाद न घालता फक्त मोजायला सांगावे. तो कागद जपून ठेवा, पुढच्या प्रकरणांत तो लागणार आहे.