ज्वारीची भाऊबंदकी

शिरड शहापूरच्या शिवारात रब्बीला ज्वारी आणि गहू बांधाला बांध लागून उभे असतात. ऊस पाण्याच्या रानात, आणि तिथून वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या वाटेला. एका पिठाच्या गिरणीत जाणारी ही दोन धान्येच सख्खी, असे कुणालाही वाटेल. कुळाच्या हिशेबाने मात्र ज्वारीचा सख्खा ऊस आहे, गहू फार लांबचा. पुरावा कणसातच मिळतो. कणसाची एक बारीक काडी मोडून पाहा: दाण्याचे बोंड काडीला चिकटून बसलेले, आणि त्याला लागूनच इवल्या देठावर दुसरे, चपटे, फोल. बिनदेठाचे आणि देठाचे अशी ही जोडी उसाच्या तुऱ्यात आहे, बांधावरच्या कुसळीत आणि मारवेलात आहे; गव्हाच्या ओंबीत नाही. रॉबर्ट ब्राउनने 1814 साली गवतांचे दोन मोठे गट पाडले, तेही फुलोऱ्याच्या अशाच बारीक बांधणीवरून. दोनशे वर्षांनी जनुके तपासली, तरी ज्वारी आणि गहू वेगळ्याच फांद्यांवर राहिले.

कुणी म्हणेल, कणीस कशाला, पानच पाहा ना. हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उसाच्या पानांत दाखवलेली, कडक उन्हात कमी पाण्यावर कार्बन बांधायची रीत ज्वारीतही आहेच. पण ती बाजरीत आहे, नाचणीतही आहे, आणि त्या दोघी निराळ्या शाखांतल्या. गवतांत ही रीत वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली. तिच्यावरून सख्खेपणा ठरत नाही. एवढे मात्र खरे, की गहू, भात, बांबू यांच्या बाजूला ती एकदाही उपजलेली नाही.

मग कणसातली जोडीही योगायोगच कशावरून नाही? रास्त शंका आहे. कोइमतूरला टी. एस. वेंकटरामन यांनी 1930च्या दशकात उसाचा ज्वारीशी संकर केला आणि रोपे वाढली. दूरच्या गवतांत असे सहसा जमत नाही. ज्वारीची आणि गव्हाची बाजू अशी ही वाटणी जुनी किती? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणात गवतांचे सिलिकाकण सापडले, ते 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले काही भाताच्या गोतातले ठरवले गेले. ती ओळख बरोबर असेल, तर भात-गव्हाची बाजू ज्वारीच्या बाजूपासून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच फुटलेली असणार. जनुकांवरून काढलेले कित्येक अंदाज याहून अलीकडचे आहेत, पण असे अंदाज शेवटी जीवाश्मांवरच बेतलेले असतात. माझा कल पिसदुऱ्याकडे आहे.