काळ्या दगडाचे वाचन : 'आयुका'ची वास्तू आणि संग्रहालयाची कल्पना

वास्तूला 'संहिता' मानण्याची प्रथा समीक्षेत आता रूढ झाली आहे. परंतु त्या संहितेचा वाचक कोण, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातील 'आयुका' या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988 साली स्थापन केलेल्या या खगोलविज्ञान केंद्राचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, तर वास्तुकार चार्ल्स कोरिया. हे कलासंग्रहालय नव्हे. तरीही येथे मांडणी आहे, प्रतिमा आहेत आणि प्रेक्षकाला हिंडवून आणणारा क्रमही आहे.

कोरियांना संग्रहालयाचा प्रश्न नवा नव्हता. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (1963) त्यांनी विटा, कौले आणि मोकळी अंगणे यांत बसवले. जयपूरच्या जवाहर कला केंद्रासाठी (1986–92) नवग्रहांचे नऊ चौरस घेतले. पुण्यात मात्र विज्ञानाच्याच आकृत्या आल्या. एका अंगणात पेनरोझची फरसबंदी, दुसऱ्यात सिएरपिन्स्कीचा त्रिकोण, मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइनस्टाइन यांचे पुतळे. 'परंपरा व आधुनिकता यांचा समन्वय' हे नेहमीचे लेबल येथे चिकटवणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. फरशी पेनरोझची आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागते. आणि अर्थ फलकावाचून पोहोचत नसेल, तर वास्तू स्वतःच संग्रहालयातील वस्तू होऊन बसते. (जवळच गव्हर्नराच्या निवासासाठी 1860च्या दशकात बांधायला घेतलेली, आज विद्यापीठाची मुख्य असलेली इमारत उभी आहे. तिचा मनोरा कोणत्या शैलीचा हेही थोड्यांनाच ठाऊक असते. परंतु ती भाषा सत्तेची असल्यामुळे न कळताही जरब बसवते.)

भिंतींचे तसे नाही. खाली बेसाल्ट, त्यावर कडाप्पा, सर्वांत वर आभाळ प्रतिबिंबित करणारा गुळगुळीत ग्रॅनाइट: या चढत्या काळेपणातून अवकाशाचा अथांगपणा सुचवावा, हा कोरियांचा हेतू. पण याच विद्यापीठाच्या बारामती-इंदापूरकडील महाविद्यालयांतून येणारा विद्यार्थी काळा पाषाण आधीच वाचून आलेला असतो. नदीकाठच्या देवळांचे चौथरे त्याच्या ओळखीचे आहेत. उजनीच्या जलाशयात गेलेले पळसदेवचे मंदिर पाणी ओसरले की वर येते, हेही त्याला माहीत असते. त्याच्या लेखी कुंड म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाणे. आयुकाचे कुंड कोरडे आहे. वास्तुकाराला तेथे मध्यातून फाकत जाणारे विश्व अभिप्रेत आहे. या वाचकाला दिसते ते आटलेले तळे. आधुनिकतावादी समीक्षा पहिल्या वाचनाला अर्थ म्हणते आणि दुसऱ्याला फार तर प्रतिक्रिया. या प्रतवारीला दगडाचा काहीच आधार नाही. तो बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि पळसदेवच्या शिवारातही जमिनीखाली तोच आहे.