'नाउट'चे कूळ : इंग्रजीतील प्रांतिकतेचा इतिहास

इंग्रजीतील बोलरूपे व प्रांतिक शब्द म्हणजे प्रमाणभाषेचे बिघडलेले अवशेष होत, अशी समजूत साहित्याच्या अभ्यासकांतही आढळते. इतिहासाचा पुरावा या समजुतीच्या विरुद्ध जातो.

विल्यम कॅक्स्टनने 1490 मध्ये छापलेल्या 'एनीडॉस'च्या प्रस्तावनेत एक प्रसंग येतो. टेम्समधून झीलंडकडे निघालेले व्यापारी वारा पडल्याने किनाऱ्यावर अडकतात. त्यांतील एकजण एका घरी अंडी मागताना 'एग्ज' हा शब्द वापरतो. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे घरधनीण सांगते. फ्रेंच त्यालाही येत नसल्याने तो संतापतो. दुसऱ्याने 'आयरेन' म्हटल्यावर तिला उलगडा होतो. 'आयरेन' हे जुन्या इंग्रजीतून दक्षिणेत चालत आलेले रूप, तर 'एग' हा स्कँडिनेव्हियन वसाहतींबरोबर उत्तरेत रुजलेला शब्द. पुढे प्रमाण ठरला तो उत्तरेचा शब्द. आजचे प्रमाणरूप हे असे कालचे प्रांतिक रूप असू शकते.

प्रमाण आणि प्रांतिक यांमधील सीमारेषा ठळकपणे आखली गेली ती व्याकरणात नव्हे, तर काव्यशास्त्रात, ही बाब समीक्षकाने विसरता कामा नये. जॉर्ज पटनमच्या नावावर असलेल्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' (1589) या ग्रंथात कवीने राजदरबाराची आणि लंडनभोवतालच्या साठ मैलांतील भाषा स्वीकारावी, असे सांगितले आहे. उत्तरेची बोली अधिक शुद्ध सॅक्सन असल्याचे ग्रंथकार मान्य करतो. तिचा दोष एवढाच, की ती दरबारी नाही. म्हणजे शुद्धता हा येथे निकषच नव्हता. 1755 च्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने कित्येक शब्दांवर हीनतेचा शिक्का मारला आणि श्रमिक व व्यापारी वर्गाची अस्थिर शब्दसंपत्ती जतन करण्याच्या योग्यतेची नाही, असे प्रस्तावनेत मांडले.

या दृष्टीचा परिणाम साहित्यकृतींच्या संहितांवरही झाला. एमिली ब्राँटीच्या 'वदरिंग हाइट्स'मधील (1847) जोसेफ हा नोकर यॉर्कशायरची बोली बोलतो. एमिलीच्या मृत्यूनंतर, 1850 च्या आवृत्तीत, शार्लटने त्याच्या बोलीचे लेखन सौम्य केले. दक्षिणेतील वाचकाला ते दुर्बोध होईल, अशी तिची भूमिका होती. हेतू सद्भावाचा होता, परंतु त्यातून वाचक कोण मानला गेला होता, हेही उघड होते. 1976 च्या क्लॅरेंडन आवृत्तीने 1847 ची संहिता आधारभूत मानली.

यॉर्कशायरच्या बोलीतील 'नाउट' (काही नाही) हे 'नथिंग'चे भ्रष्ट रूप वाटते. वस्तुतः ते जुन्या इंग्रजीतील 'नोविह्ट' या रूपाचे थेट वंशज असून प्रमाण 'नॉट' त्याचेच भावंड आहे. अशा शब्दांना त्यांचे कूळ मिळवून दिले ते जोसेफ राइटने. यॉर्कशायरमध्ये 1855 साली जन्मलेला हा गिरणीकामगार पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. पुढे तो ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा सहा खंडांचा 'इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी' हा कोश 1898 ते 1905 या काळात प्रसिद्ध झाला. जॉन्सनने ज्यांचे शब्द वगळले, त्यांच्यापैकीच एक येथे कोशकार झाला होता.

मात्र संकलनही निरागस नसते. हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली लीड्स विद्यापीठाने 1950 ते 1961 दरम्यान 313 ठिकाणी बोलींची पाहणी केली. माहितीसाठी प्रामुख्याने खेड्यातील वृद्ध, तेही बहुतांशी पुरुष, निवडले गेले. लुप्त होऊ घातलेली रूपे त्यामुळे हाती लागली. परंतु स्त्रिया, तरुण आणि शहरी श्रमिक यांची बोली बव्हंशी बाहेर राहिली. जॉन्सनने बोलीला क्षणभंगुर म्हणून वगळले, तर पाहणीने तिला प्राचीन म्हणून जपले. दोहोंत तिचे वर्तमान निसटले.

तेव्हा संहितेत प्रांतिक शब्द भेटताच, तो प्रमाणापासून किती ढळला, एवढेच विचारणे अपुरे ठरते. त्याला प्रांतिक कोणी, केव्हा आणि कोणत्या वाचकाकडे पाहून ठरवले, हा प्रश्न समीक्षेने आधी विचारला पाहिजे.