उड्डाणापूर्वीचे काम

चालकाविना उडणाऱ्या यंत्राला ‘स्वयंचलित’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला असला, तरी असे यंत्र हवेत जे काही आपले आपण करते ते जमिनीवर कोणीतरी त्याच्यात आधीच भरून ठेवलेले असते. या पूर्वतयारीचा गाभा म्हणजे अंशांकन, अर्थात उपकरण दाखवते ते माप खात्रीच्या मापाशी ताडून पाहणे आणि आढळलेली चूक काढून टाकणे किंवा हिशेबात धरणे. हे काम ड्रोनपेक्षा पुष्कळ जुने आहे. ते करणाऱ्यांची नावे मात्र इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी ‘केटरिंग बग’ नावाचे एक चालकविरहित विमान सिद्ध केले. लाकूड, कागदाचा लगदा आणि पुठ्ठा यांपासून बनवलेले हे यान सुमारे ८० किलो स्फोटके घेऊन १२० किलोमीटरपर्यंत जावे अशी अपेक्षा होती. दिशा राखण्यासाठी त्यात जायरोस्कोप होता, म्हणजे इतक्या वेगाने फिरणारे चाक की त्याचा आस आपली दिशा सहसा सोडत नाही; उंचीसाठी होता हवेच्या दाबाबरोबर फुगणाऱ्या-आकसणाऱ्या धातूच्या डबीचा वायुभारमापक. अंतर मोजण्याची युक्ती सर्वांत लक्षणीय होती. लक्ष्य किती दूर आहे आणि वारा कोणत्या दिशेने, किती वेगाने वाहतो आहे हे पाहून तंत्रज्ञ इंजिनाचे किती फेरे लागतील याचा हिशेब मांडत आणि तो आकडा फेरे मोजणाऱ्या यंत्रात लावून देत; तितके फेरे पुरे झाले की इंजिन बंद पडे, पंख धडापासून सुटत आणि यान खाली कोसळे. यानाला वाऱ्याविषयी जे काही माहीत असे ते उड्डाणाच्या क्षणापुरते होते, त्यामुळे वाटेत वारा पालटला तर ते बिनचूक चालूनही चुकीच्या जागी पोहोचणार होते. चाचण्यांपैकी निम्म्याहून कमीच यशस्वी झाल्या, आणि युद्ध संपेपर्यंत पन्नासही याने पुरी झाली नव्हती.

दिशेच्या दुसऱ्या एका प्रश्नाशी जहाजे याआधीच झगडली होती. लोखंडी जहाजावर होकायंत्र ठेवले की जहाजाचेच लोखंड त्याची सुई ओढून घेते. ब्रिटिश राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग करून होकायंत्राजवळ चुंबक आणि मऊ लोखंडाचे तुकडे ठेवले आणि ही ओढ निष्प्रभ करून दाखवली. जहाज जागच्या जागी निरनिराळ्या दिशांना वळवून प्रत्येक दिशेची चूक टिपून घेण्याची रीत पुढे विमानतळांवर आली. आज ड्रोनचालक मोकळ्या शेतात, मोटारीपासून आणि लोखंडी कुंपणापासून दूर उभा राहून यान हातात धरतो, आधी ते आडवे ठेवून आणि मग त्याचे नाक जमिनीकडे करून स्वतःभोवती फिरतो, तेव्हा तो तेच काम करत असतो. चुंबकांच्या जागी आता संगणकातील आकडे आले आहेत, एवढाच फरक.

मधल्या काळात, १९३५ मध्ये, ब्रिटनच्या ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, या नेमबाजीच्या सरावासाठी बनवलेल्या विमानाने रेडिओद्वारे माणसाला उड्डाणाच्या वेळीही यंत्राशी जोडले, आणि ‘ड्रोन’, म्हणजे नरमाशी, हे नाव त्या राणीमाशीवरूनच पडले असे मानले जाते.

महाराष्ट्रात उड्डाणापूर्वीच्या या कामाला निराळे वळण मिळाले. शेतजमिनीची मोजणी झाली असली तरी गावठाणातील घरांच्या हद्दींची नोंद पुष्कळ ठिकाणी राहून गेली होती. ती ड्रोनने करण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावात झाला आणि २०२० मध्ये केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. ड्रोनची छायाचित्रे नकाशा म्हणून वापरता यावीत यासाठी ज्यांचे स्थान अचूक ठाऊक आहे अशा जमिनीवरच्या खुणांशी ती जुळवावी लागतात. शिवाय कोणाची हद्द कुठे संपते हे कॅमेऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून यान उडण्यापूर्वी मोजणी कर्मचारी ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरोघर फिरतात आणि दोन शेजाऱ्यांनी मान्य केलेल्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ ओढतात. ड्रोनला वरून दिसते ती हीच रेघ.