सुवर्णपदकानंतर ताफ्याचे काय होते? : शिडाच्या छोट्या होड्या आणि त्या टिकवणारी माणसे

१/
कात्रजच्या तलावातून पुणे शहराला पाणी पुरवणारी पेशवेकालीन नळयोजना आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत ती उभी राहिली. जमिनीखालच्या बंदिस्त नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधील हौदांपर्यंत येई. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांच्यामुळे नळाची तपासणी व साफसफाई होऊ शके. योजना ज्याने बांधवली त्याचे नाव इतिहासात राहिले. वर्षानुवर्षे गाळ काढणाऱ्यांचे राहिले नाही.

२/
आजचा धागा अशाच अनाम कामाविषयी आहे, मात्र क्षेत्र निराळे आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची रात्रीची डोंगरवाट ज्यांनी तुडवली आहे, त्यांनी पहाटे गडावरून खडकवासल्याचे पाणी पाहिले असेल. त्या पाण्यावर शिडाच्या छोट्या होड्या चालतात. त्यांना डिंगी म्हणतात. एका आराखड्याच्या सर्व डिंग्या मिळून एक ‘वर्ग’ होतो. आणि एका ठिकाणी शर्यतीला उतरणाऱ्या त्या वर्गाच्या होड्या म्हणजे ‘ताफा’. असा ताफा कशामुळे टिकतो आणि कशामुळे संपतो, हा आपला प्रश्न.

३/
प्रारंभ आयर्लंडमध्ये झाला. एकोणिसाव्या शतकात नौकाशर्यत हा धनिकांचा खेळ होता. दरवर्षी कोणीतरी अधिक वेगवान नौका बांधून घेई आणि कालची नौका निरुपयोगी ठरे. १८८७ साली डब्लिनजवळ थॉमस मिडलटन यांच्या पुढाकाराने ‘वॉटर वॅग’ हा वर्ग सुरू झाला. अट एकच होती : सर्वांच्या होड्या सारख्या असाव्यात. मग जिंकणे हरणे पैशावर अवलंबून न राहता कौशल्यावर अवलंबून राहील, आणि जुनी होडीही मोलाची राहील. वॉटर वॅगच्या शर्यती डब्लिनच्या उपसागरात आजही होतात.

४/
पण होड्या सारख्याच आहेत हे ठरवायचे कोणी? इथे संघटनेची गरज निर्माण होते. अमेरिकेत १९११ साली ‘स्टार’ या शर्यती-नौकेचा आराखडा तयार झाला आणि १९१५ साली तिच्या मालकांनी वर्ग-संघटना स्थापन केली. तिने एक नवी व्यवस्था रूढ केली. ज्या बंदरात पुरेशा नौका असतील तेथील गटाला मध्यवर्ती संघटना ताफ्याची सनद देई. प्रत्येक ताफ्याचे पदाधिकारी असत. नौकांची नोंद, शर्यतींचे निकाल आणि वर्गणी त्यांनी मध्यवर्ती संघटनेकडे पाठवायची. पुढे अनेक वर्गांनी हाच नमुना स्वीकारला.

५/
वर्ग-संघटनेची कामे ऐकायला रुक्ष वाटतात. एक, प्रत्येक होडीचे मोजमाप घेऊन प्रमाणपत्र देणे. दोन, शिडावरचा क्रमांक देणे आणि त्याची नोंदवही सांभाळणे. तीन, वर्षाचे शर्यतींचे वेळापत्रक ठरवणे व ते पाळणे. चार, जुनी होडी नव्या हाती पोहोचेल आणि नवशिक्याला जुना जाणकार सोबतीला मिळेल, अशी व्यवस्था करणे. यांतले एकही काम प्रेक्षकांना दिसत नाही. परंतु चारांपैकी एक थांबले, तरी काही वर्षांत ताफा किनाऱ्याला लागतो.

६/
आपल्याकडे रुजलेला एक महत्त्वाचा वर्ग म्हणजे ‘एंटरप्राइझ’. ब्रिटिश रचनाकार जॅक होल्ट यांनी १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रासाठी तो तयार केला. लांबी सुमारे ४ मीटर, दोन माणसांची होडी, निळे शीड. प्रसिद्धीसाठी त्याच वर्षी जानेवारीच्या थंडीत अशा दोन होड्यांनी रात्री इंग्लिश खाडी ओलांडली. ही होडी प्लायवूडची होती आणि हौशी माणसाला घरी बांधता येत असे. मध्यमवर्गीयाच्या खिशाला झेपणारी होडी मिळाली, तेव्हा खेळाचा सामाजिक पाया रुंदावला. पुढे या वर्गाच्या हजारो होड्या बांधल्या गेल्या.

७/
भारतात नौकाक्रीडेच्या संस्था जुन्या आहेत. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. पुण्यात नदीकाठी असलेला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. या संस्था प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या होत्या. १९४७नंतर ते अधिकारी मायदेशी गेले. होड्या इथेच राहिल्या, चालवणारे हात बदलले. नव्या पिढीत मुंबईचे पारशी नौकापटू आणि सैन्यदलांतील अधिकारी ठळकपणे दिसतात. १९६० साली यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर आणि अब्दुल बासित हे भारतीय जोडीदार ‘फ्लाइंग डचमन’ वर्गात उतरले.

८/
आता खडकवासल्याकडे वळू. मुठा नदीवरचे हे दगडी धरण १८७०च्या दशकात बांधले गेले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा सराव याच काठावर होत असे. त्यासाठी तेथे जहाजाची प्रतिकृतीही उभारली होती. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरांच्या कुशीत नाविक शिक्षणाची परंपरा सुरू झाली ती अशी. पुढे याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. १९४९ साली कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५मध्ये औपचारिक उद्घाटन झाले.

९/
१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्या महासंकटापुढे खेळाची कथा ती काय? तरीही क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या दिवशी पुण्याजवळचा मोठा नौकानयनाचा जलाशयही वाहून गेला. धरण पुन्हा बांधले गेले आणि पाणी परत आले. पाण्याबरोबर होड्याही परतल्या, कारण काठावरची संस्था टिकून होती.

१०/
प्रबोधिनीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दर सहा महिन्यांनी एक तुकडी बाहेर पडते आणि दुसरी आत येते. म्हणजे पीकॉक बेच्या पाण्यावर होडी चालवणारी संपूर्ण पिढी तीन वर्षांत बदलते. एवढ्या वेगाने माणसे बदलत असताना ताफा चालू ठेवायचा, तर शिकवणारा प्रशिक्षक, होडी दुरुस्त करणारा कारागीर आणि साहित्याची नोंद ठेवणारा कारकून या तिघांना अखंड राहावे लागते. छात्र बदलतात, नोंदवही तीच राहते.

११/
याच तत्त्वाचा नागरी पुरावा शहराच्या मध्यभागी आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा नदीवर आहे आणि त्याचा ‘रेगाटा’ हा सोहळा १९२८ पासूनचा. इथे शीड नाही, वल्ही आहेत; पण प्रश्न तोच. चार वर्षांत विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. म्हणून ज्येष्ठ विद्यार्थी कनिष्ठांना होडी हाताळायला शिकवतात, आणि पुढच्या वर्षी तेच कनिष्ठ ज्येष्ठ होतात. नदी जलपर्णीने भरली, पाणी दूषित झाले, तरी ही साखळी टिकून राहिली.

१२/
आता विजयाची कथा. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांमधील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. ‘फायरबॉल’ या वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. फायरबॉल हा पीटर मिल्न यांचा १९६२चा आराखडा. होडी सपाट आणि चपळ. तिच्यात दुसरा नौकापटू डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून, अंग पूर्णपणे बाहेर झोकून तोल सांभाळतो. घरच्या पाण्यावर मिळालेले हे सुवर्ण भारतीय नौकाक्रीडेतला मोठा क्षण ठरले.

१३/
आणि आज? आशियाई स्पर्धांच्या यादीत फायरबॉल नाही आणि एंटरप्राइझही नाही. इंग्लंडमध्ये हे दोन्ही वर्ग जिवंत आहेत, कारण तेथे ताफा स्थानिक क्लबाच्या साप्ताहिक शर्यतींवर जगतो. ज्या देशात होडीची खरेदी, प्रशिक्षण आणि प्रवासखर्च स्पर्धांच्या यादीवर ठरतो, तेथे यादी बदलली की ताफ्याचा आधार सुटतो. सुवर्णपदकाने वर्गाला कीर्ती मिळते. आयुष्य मिळेलच असे नाही.

१४/
ताफा कोसळतो कसा? समजा, दहा होड्या नियमित येतात. दोघांची बदली होते, एकाची डोलकाठी मोडते आणि सुटा भाग मिळत नाही. सात उरतात. शर्यतीतली चुरस कमी होते, म्हणून आणखी दोघे येईनासे होतात. पाच होड्यांसाठी शर्यत-समिती रविवार देत नाही. वेळापत्रकातून तारीख गेली की नवा माणूस होडी विकत घेत नाही. ही सारी पडझड शांतपणे होते. जाणता चिटणीस तिसऱ्या टप्प्याआधीच पडून असलेली होडी शोधतो, ती दुरुस्त करून घेतो आणि एखाद्या तरुणाच्या हाती देतो.

१५/
संघटना मोजमापाबाबत किती काटेकोर असते, याचे अलीकडचे उदाहरण पाहा. ब्रूस किर्बी यांच्या आराखड्यातून आलेली ‘लेसर’ ही एकट्याने चालवायची होडी १९७०च्या दशकात जगभर पसरली आणि पुढे ऑलिंपिक वर्ग झाली. २०१९ साली एका मोठ्या उत्पादकाशी कारखाना-तपासणीवरून वाद झाला, तेव्हा वर्ग-संघटनेने त्याचा परवाना काढून घेतला. ‘लेसर’ या नावाचा व्यापारी हक्क संघटनेकडे नव्हता. तिने नावच सोडले आणि होडी ‘आयएलसीए’ या संघटनेच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जगप्रसिद्ध नावापेक्षा सर्व होड्यांची समानता मोलाची ठरली.

१६/
त्याच होडीवर, २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांमध्ये भारतीय सैन्यदलाच्या विष्णू सरवणन यांनी कांस्यपदक मिळवले. मुंबईतील आर्मी यॉटिंग नोड हे सैन्याचे केंद्र अशा नौकापटूंना घडवते. त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारायला हवा : पदकविजेते घडवणाऱ्या केंद्रांच्या बरोबरीने, रविवारी सकाळी केवळ हौसेने शीड उभारणाऱ्यांचे ताफे आपण किती उभे केले? वॉटर वॅगला आयुष्य दिले ते अशा हौशी माणसांनी.

१७/
मित्रांनो, या इतिहासाची साधने नष्ट होत आहेत. मोजमाप-प्रमाणपत्रे, शर्यतींचे हस्तलिखित निकाल, ताफ्याच्या बैठकींची इतिवृत्ते हे कागद रद्दीत जातात. कोणी जपत नाही, कारण ते कागद महत्त्वाचे आहेत असे कोणाला वाटतच नाही. निळ्या शिडाच्या होडीचे जुने छायाचित्र घरात असेल, तर शिडावरचा क्रमांक नीट वाचा. वर्ग-संघटनेच्या नोंदवहीत तो क्रमांक सापडला, तर ती होडी केव्हा बांधली आणि कोणाच्या मालकीची होती, याचा शोध तेथून सुरू करता येतो.

१८/
तुमच्या ओळखीत एनसीसीच्या नौदल विभागात, प्रबोधिनीत किंवा एखाद्या बोट क्लबात होडी चालवलेले कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना पदकांविषयी नंतर विचारा. आधी विचारा : होड्या दुरुस्त कोण करत असे, शर्यतीची तारीख कोण ठरवत असे, आणि तुम्ही निघालात तेव्हा किल्ली कोणाच्या हाती दिली? उत्तरे लिहून ठेवा, तारीख घाला, आणि इथे सांगा.